कलम 3 मधले रायपूर

रायपूरचा राज्यकारभार विसाव्या शतकात तीन राजधान्यांतून चालला. आधी नागपूर, मग भोपाळ आणि शेवटी स्वतः रायपूर. ही दोन्ही स्थलांतरे संसदेत मांडलेल्या एकेका विधेयकाने घडवली आणि दोन्ही 1 नोव्हेंबरलाच अमलात आली, एक 1956 साली आणि दुसरे 2000 साली. छत्तीसगढच्या निर्मितीची हकिगत बहुधा मोर्चे, नेते आणि पक्ष यांच्या अंगाने सांगितली जाते. ती खोटी नाही. मला मात्र इथे फक्त कायद्याचा मजकूर समोर ठेवायचा आहे. मजकुरात कोणाचे नाव आहे, कोणाचे नाही आणि कोण कुठल्या शब्दाच्या आड गेले आहे, हे पाहिले की मोर्चांच्या हकिगतीत न सापडणाऱ्या काही गोष्टी हाती लागतात.

आधी 1956 चा कागद. त्या वेळी रायपूर मध्य प्रदेशातच होते, पण तो मध्य प्रदेश वेगळा. जुना मध्य प्रांत व वऱ्हाड 1950 मध्ये संविधानाबरोबर ‘मध्य प्रदेश’ झाला, आणि त्याची राजधानी नागपूर होती. 1 जानेवारी 1948 ला विलीन झालेली बस्तर, कांकेर, सरगुजा, रायगढ वगैरे संस्थानेही त्याच राज्यात आली होती. मुख्यमंत्री पंडित रविशंकर शुक्ल रायपूरचे वकील. रायपूरचे आमदार नागपूरला बसत आणि रायपूरच्या दाव्यांची अपिले नागपूरच्या उच्च न्यायालयात चालत. हा संबंध त्याहून जुना होता. नागपूरच्या भोसले घराण्यातले बिंबाजी 1758 ते 1787 या काळात रतनपूरला राहून छत्तीसगढचा कारभार पाहत होते, आणि 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले तेव्हा छत्तीसगढही त्याबरोबर गेले. रायपुरातला तात्यापारा हा मोहल्ला आजही मराठी नावानेच ओळखला जातो. ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक 1900 साली सुरू करणारे माधवराव सप्रे मराठी घरातले होते. वेगळ्या राज्याची मागणी 1955 मध्ये रायपूरचे आमदार ठाकूर रामकृष्ण सिंह यांनी मांडली, तीही नागपूरच्या विधानसभेत.

त्याच वर्षी 30 सप्टेंबरला फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने आपला अहवाल दिला. वर्ष संपण्याआधी संविधानाच्या अनुच्छेद 3 मध्येही दुरुस्ती झाली. राज्याच्या सीमा बदलणारे विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीनेच मांडता येते. त्यावर संबंधित विधिमंडळाचे मत मागवायचे असते. नव्या दुरुस्तीने त्या मतासाठी राष्ट्रपती मुदत घालून देऊ लागले, आणि मुदतीत मत आले नाही तरी विधेयक पुढे नेता येऊ लागले. या तांत्रिक बदलाकडे दुर्लक्ष करू नये. राज्यांना विचारायचे, पण त्यांच्यापाशी थांबून राहायचे नाही, ही दिल्लीची भूमिका त्यातून पक्की झाली. शिवाय अनुच्छेद 4 प्रमाणे असे विधेयक साध्या बहुमताने मंजूर होते. राज्य मोडण्या-जोडण्याला घटनादुरुस्तीचे बहुमत लागत नाही.

राज्य पुनर्रचना विधेयक एप्रिल 1956 मध्ये लोकसभेत आले. त्याच्या शेजारी आयोगाचा अहवाल आणि 31 ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळालेला अधिनियम ठेवला, की नागपूरचे भवितव्य किती वेळा बदलले ते कळते. आयोगाने विदर्भाचे स्वतंत्र राज्य सुचवले होते. मांडलेल्या विधेयकात विदर्भ महाराष्ट्रात होता, गुजरात वेगळा होता आणि मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात होते. याच मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांनी जुलैमध्ये अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. ऑगस्टमध्ये सभागृहाने विधेयकच फिरवले, आणि अधिनियमात उमटले ते मराठी-गुजराती असे द्विभाषिक मुंबई राज्य. मांडलेल्या आणि मंजूर झालेल्या विधेयकात इतके अंतर असू शकते. म्हणून अभ्यासकाने दोन्ही मसुदे वाचायलाच हवेत. केवळ अंतिम अधिनियम वाचला, तर मधला वाद नाहीसा होतो.

या सगळ्यात रायपूर कुठे आहे? अधिनियमाच्या कलम 8 मध्ये नव्या मुंबई राज्यात जाणारे आठ जिल्हे नावानिशी दिले आहेत: बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा. कलम 9 नवा मध्य प्रदेश सांगते, आणि त्याची सुरुवात होते ती ते आठ जिल्हे वगळून उरलेल्या जुन्या मध्य प्रदेशापासून. त्याला मध्य भारत, भोपाळ, विंध्य प्रदेश आणि राजस्थानातला सिरोंज उपविभाग जोडलेला आहे. सुनेल टप्प्यासारखा लहानसा तुकडासुद्धा कलमात नावाने येतो. रायपूर, बिलासपूर, दुर्ग, बस्तर यांची नावे मात्र त्यात नाहीत. ‘वगळून’ या शब्दानंतर जे उरले, त्यात ते होते. आयोग, विधेयक आणि अधिनियम या तिन्ही टप्प्यांत नागपूरचा पत्ता बदलत राहिला. छत्तीसगढ तिन्ही ठिकाणी ‘उरलेले’ होते. त्या भागाच्या मनात पुढे जी उपेक्षेची भावना रुजली, तिची इतकी स्वच्छ कायदेशीर नोंद मला दुसरीकडे कुठे दिसलेली नाही.

रविशंकर शुक्ल भोपाळला नव्या राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले आणि दोनच महिन्यांत, 31 डिसेंबर 1956 ला, वारले. रायपूरच्या अपिलांना आता जबलपूरची वाट धरावी लागली.

मधली चार दशके इथे ओलांडतो. 18 मार्च 1994 ला मध्य प्रदेश विधानसभेने वेगळ्या छत्तीसगढचा ठराव एकमताने मंजूर केला. 1998 मध्ये केंद्राने मसुदा तयार करून विधानसभेचे मत मागवले आणि तिथून संमतीही आली. पण एप्रिल 1999 मध्ये बारावी लोकसभा विसर्जित झाली आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागले. 25 जुलै 2000 ला मध्य प्रदेश पुनर्रचना विधेयक लोकसभेत मांडले गेले. त्याच आठवड्यात उत्तर प्रदेश आणि बिहारची विधेयकेही होती. लोकसभेने ती 31 जुलै, 1 ऑगस्ट आणि 2 ऑगस्ट अशी ओळीने मंजूर केली, तर राज्यसभेने 9, 10 आणि 11 ऑगस्टला. राष्ट्रपतींची संमती 25 ऑगस्टची आहे. सन 2000 चा अधिनियम क्रमांक 28 तो हा.

यात चित्र उलटे होते. इथेही 3 हाच आकडा आहे, पण संविधानाच्या अनुच्छेदाचा नव्हे, अधिनियमाच्या कलमाचा. त्यात बस्तरपासून सरगुजापर्यंत 16 जिल्हे नावाने लिहिलेले आहेत. रायपूर त्यांतले एक. कलम 4 मध्ये मध्य प्रदेश म्हणजे हे 16 वगळून राहिलेला प्रदेश. 44 वर्षांपूर्वी ज्याला नाव नव्हते त्याला आता नाव मिळाले आणि ‘उरलेले’ ही जागा भोपाळकडे गेली. यात एक जपून वाचण्याची जागा आहे. या यादीतले रायपूर 1956 चे रायपूर नव्हे. 1998 मध्ये धमतरी आणि महासमुंद त्यातून वेगळे निघाले होते. त्या एका वर्षात या भागातल्या सात जिल्ह्यांचे 16 झाले. सोळाचा आकडा जुन्या नकाशांवर शोधणारा हमखास फसतो.

आणि कलम 3 मधले रायपूर हे फक्त जिल्ह्याचे नाव आहे. राजधानी कुठे असेल, हे अधिनियम सांगत नाही. उच्च न्यायालय वेगळे असेल असे तो म्हणतो, पण त्याचे ठिकाण ठरवण्याचे काम राष्ट्रपतींच्या आदेशावर सोपवतो. त्याप्रमाणे न्यायालय बिलासपूरला गेले. रायपूरच्या पक्षकाराने पूर्वी नागपूरपर्यंत सुमारे 300 किलोमीटर प्रवास केला होता, त्यानंतर जबलपूरच्या खेपा घातल्या होत्या. आता वरचे न्यायालय 110 किलोमीटरवर आले. ज्याची केस वर्षानुवर्षे चालते, त्याला या एका ओळीचे मोल कुठल्याही भाषणापेक्षा अधिक वाटले असेल.

आकडेही अधिनियमातच आहेत. विधानसभेच्या 320 जागांपैकी 90 छत्तीसगढला, लोकसभेच्या 40 पैकी 11, राज्यसभेच्या 16 पैकी 5. कर्जाची वाटणी लोकसंख्येच्या प्रमाणात. 1991 च्या जनगणनेत जुन्या राज्यात 6 कोटी 61 लाखांवर लोक होते, त्यांतले सुमारे 1 कोटी 76 लाख या 16 जिल्ह्यांत राहत होते.

जुने कायदे नव्या राज्यात तसेच चालू राहतील, अशीही तरतूद होती. त्यामुळे तिथे आज ‘छत्तीसगढ भू-राजस्व संहिता, 1959’ लागू आहे. राज्य जन्मले 2000 मध्ये, आणि सातबाऱ्याच्या जागी जे कागद तिथे चालतात, त्यांना आधार देणाऱ्या संहितेवर साल मात्र 1959 चे. नागपूरकरांना हे नवे वाटू नये. मध्य प्रांत व वऱ्हाड हे नाव नकाशावरून गेल्यावरही त्या नावाचा 1949 चा भाडेनियंत्रण आदेश विदर्भात चालत राहिला, तो थेट महाराष्ट्राचा 1999 चा कायदा येईपर्यंत. राज्ये एका रात्रीत बदलतात, पण भाडेकरू आणि शेतकऱ्याच्या हातातला कागद बदलायला पिढी जाते.

नव्या विधानसभेसाठी वेगळी निवडणूक झाली नाही. 1998 मध्ये भोपाळसाठी निवडून आलेले त्या 90 मतदारसंघांचे आमदार अधिनियमानेच छत्तीसगढचे आमदार ठरले. रायपुरात त्यांना बसायला विधान भवन नव्हते. 14 डिसेंबर 2000 ला त्यांचे पहिले अधिवेशन भरले ते राजकुमार कॉलेजात. संस्थानिकांच्या मुलांना शिकवण्यासाठी 1882 मध्ये जबलपूरला काढलेली आणि 1894 मध्ये रायपूरला हलवलेली ही शाळा. ज्या दालनात सदस्य बसले, त्याचे नाव जशपूर हॉल. जशपूर हे 1948 मध्ये विलीन झालेल्या संस्थानांपैकी एक, आणि कलम 3 मधल्या 16 नावांपैकीही एक.