वरकस म्हणजे पडीक नव्हे

मंडळी, शिमगा झाला की महाड-पोलादपूरच्या डोंगरांवर रात्री वणव्याच्या रांगा दिसतात. यंदाही दिसल्या. पण आता गवत कमी आणि रानमोडी, घाणेरीच जास्त जळते. हे कसं झालं, त्यावर थोडं लिहितो.

सातबाऱ्यावरचा 'वरकस' हा शब्द आपण सगळ्यांनी पाहिलाय. आज त्याचा अर्थ 'कामाची नसलेली जमीन' असा घेतात. आजोबांच्या पिढीला विचारा. उतारावर एक वर्ष नाचणी, पुढच्या वर्षी वरी, कधी तीळ नाहीतर खुरासणी. मग जमीन काही वर्षं विसाव्याला सोडायची. तिथलं गवत गुरांना, घर शाकारायला आणि भाताच्या राबाला. म्हणजे आमचे मोकळे माळ बरेचसे विळा, कुदळ आणि गुरांनी राखलेले होते.

मग एकेक धागा सुटला. तरुण मुंबईच्या गिरण्यांत गेले. गवताच्या छपरांवर कौलं आणि पुढे पत्रे आले. रेशनचा गहू-तांदूळ आला, नाचणी मागे पडली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तरी उतारावरच्या शेतीकडे फारसं कुणी परतलं नाही. १९९० नंतर रोजगार हमीच्या अनुदानावर आंबा-काजू लागला, ते बरंच झालं. पण गोठे रिकामे झाले आणि उरलेल्या माळावर झुडपं चढली.

इंग्लंडमध्ये गॉर्स या काटेरी झुडपाच्या माळांचं असंच झालं. चराई आणि तोड थांबली, तशी झाडी वाढून माळ आटले. आता तिथे मुद्दाम घोडी-गुरं चारून ते राखतात. आपल्याकडे उलट. माळ दिसला की 'पडीक'. २०१६ मध्ये २ कोटी, २०१९ मध्ये ३३ कोटी झाडांचं उद्दिष्ट होतं. मोकळा माळ म्हणजे खड्डे मारायची जागा!

गेल्या वर्षी आमचा एक तुकडा विकायचं घरात निघालं. एजंट म्हणाला, "नुसतं गवत तर आहे हो." उद्या तिथे जेसीबी रस्ता कापणार. २५ जुलै २००५ ला जुई, दासगाव, रोहन, कोंडीवते आणि २२ जुलै २०२१ ला तळीये. गवत असतं तर दरडी थांबल्या असत्या, असं मी म्हणणार नाही. पण वरच्या उतारावर काय उगवतंय, काय कापलं जातंय, हे खालच्या वाडीला माहीत असायलाच हवं.

मे महिन्यात गावी याल तेव्हा एवढंच करा. आजीला घेऊन बसा. कुठल्या माळाला काय नाव, तिथे काय पिकायचं, शेवटचं गवत कधी कापलं, ते वहीत लिहा. ती वही ग्रामसभेत ठेवा आणि माळाभोवती जाळरेषा मागा. सही करण्याआधी निदान आपण काय विकतोय, ते तरी कळू दे.