धरणे आणि सोडणे : क्लचच्या इतिहासाची काही पाने

इतिहासाच्या मास्तराकडे माणसे सनावळ्या विचारायला येतात. मोटारीचा सुटा भाग निवडायला सहसा कोणी येत नाही. पण गेल्या मे महिन्यात एका रविवारी सकाळी माझा एक जुना विद्यार्थी जाडजूड इंग्रजी कॅटलॉग घेऊन दारात उभा राहिला. बेळगावच्या उद्यमबागेत त्याचे गॅरेज आहे. दहावीला माझ्या विषयात काठावर पास झालेला, पण हाताने सोन्यासारखा.

"सर, यातलं तेवढं वाचून सांगा की. आकडे कळतात मला, मधलं इंग्रजी कळत नाही."

अडचण अशी होती. त्याच्या एका गिऱ्हाइकाने आपल्या डिझेल मोटारीचा टर्बो बदलून घेतला होता आणि इंजिनाच्या संगणकाची मांडणीही फिरवून घेतली होती. इंजिनाचा पीळ, म्हणजे टॉर्क, 190 न्यूटन-मीटरवरून 260 वर गेला. पहिले आठ दिवस मालक खूश. मग एकदा साखळीहून चोर्ला घाट चढताना इंजिन गुरगुरत वर गेले आणि गाडी मात्र होती तिथेच रेंगाळली. पाठोपाठ जळल्याचा उग्र वास. क्लच घसरत होता. आता त्याहून ताकदीचा क्लच घालायचा, तर कॅटलॉगात चार प्रकार. आणि मालकाला त्यांतला सर्वांत जबर, शर्यतीचा, हवा होता.

मी दोन दिवस मागून घेतले. वाचत गेलो तसे लक्षात आले, की या मुलापुढचा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे. इंजिनाची ताकद वाढली, की दर वेळी माणसाला क्लच नव्याने निवडावा लागला आहे. क्लच या शब्दाचा अर्थ पकडणे. पण त्याचे निम्मे काम सोडण्याचे आहे. इंजिन सतत फिरते, चाके कधी फिरतात, कधी थांबतात. या दोघांना हळुवार जोडायचे, घट्ट धरायचे आणि सांगितल्याबरोबर सोडायचे, अशी ही तिहेरी नोकरी.

आमच्या पिढीने गावातली पिठाची गिरणी पाहिली आहे. गिरणीवाला काठीने पट्टा सैल पुलीवरून घट्ट पुलीवर सरकवी आणि जाते फिरू लागे. वाचकहो, कार्ल बेंझने 1886 साली पेटंट घेतलेल्या मोटारीत नेमकी हीच युक्ती होती. एका अश्वशक्तीहून कमी ताकदीच्या त्या इंजिनाला चामड्याचा पट्टा पुरत असे. ताकद वाढली तसा पट्टा घसरू लागला, आणि त्याच्या जागी शंकूच्या आकाराचा क्लच आला : फ्लायव्हीलमध्ये शंकूसारखी खोबण आणि तीत दाबून बसणारा, चामडे मढवलेला दुसरा शंकू. रोल्स-रॉइसच्या प्रख्यात 'सिल्व्हर घोस्ट'लाही असाच चामड्याचा क्लच होता. संस्थानिकांच्या पागा रिकाम्या करणाऱ्या या राजेशाही गाडीचा क्लच म्हणजे शेवटी एक कातडेच.

त्या कातड्याचे लाड फार. ते सुकून कडक झाले, की गाडी हिसका देऊन सुटे. मग चालकाने त्याला तेल पाजायचे. तेल जास्त झाले, की क्लच घसरे. मग त्यावर चक्क मुलतानी माती भुरभुरायची. आपल्या आया-बहिणी जी चेहऱ्याला लावतात तीच. म्हणजे घट्ट धरणे आणि हळुवार जोडणे यांचे वैर तेव्हापासूनचे आहे. एक वाढवावे तर दुसरे कमी होते.

ब्रिटनच्या प्राध्यापक हेले-शॉ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी यावर वेगळा तोडगा काढला. एकाच पृष्ठभागावर जोर का द्यावा? त्यांनी अनेक पातळ तबकड्या एकापुढे एक लावून तेलात बुडवल्या. जितके पृष्ठभाग जास्त, तितकी पकड जास्त. आज शर्यतीच्या गाड्यांत दोन-तीन प्लेटांचे क्लच दिसतात, त्यांमागचा हिशेब हाच.

पुढचे पान मात्र मला सरळ वाचता आले नाही. इंग्लंडातल्या डर्बीशर परगण्यात हर्बर्ट फ्रूड नावाचा गृहस्थ होता. उतारावर घोडागाडी आवरायला शेतकरी जुन्या बुटांचे तळ ब्रेकला लावतात, हे त्याने पाहिले आणि त्याहून चांगले काही करावे म्हणून 1897 मध्ये कारखाना काढला. तोच पुढे 'फेरोडो' नावाने जगभर गेला. कापूस-केसांनंतर या धंद्याला अॅस्बेस्टॉस सापडला. उष्णतेला दाद न देणारा, स्वस्त आणि चिवट. त्याच्या जोरावर 1920 नंतर तेलाविना चालणारी एकच कोरडी प्लेट जगभर रूढ झाली. आपल्या रस्त्यांवरच्या मोटारी आणि ट्रक तिच्यावरच घाट चढले.

माझे थोरले बंधू 1970 नंतरची पंधरा-वीस वर्षे ट्रकच्या गॅरेजात मिस्त्री होते. क्लच उघडला, की आत करडी भुकटी साचलेली असे. कॉम्प्रेसरच्या हवेने ती फुंकून काढायची, तोंड फिरवायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. शाळा सुटल्यावर मी त्यांचा डबा घेऊन जाई, तेव्हा त्यांच्या भुवयांवर ती धूळ पिठासारखी बसलेली दिसे. साठी ओलांडायच्या आत ते खोकून खोकून गेले. तो खोकला विड्यांचा की त्या धुळीचा, हे डॉक्टरांना सांगता आले नाही, आणि मीही ठामपणे सांगणार नाही. पण अॅस्बेस्टॉसच्या धुळीने फुप्फुसे निकामी होतात, हे ब्रिटिश सरकारच्या अहवालात 1930 मध्येच नोंदले गेले होते. 1931 मध्ये तिथे कारखान्यांसाठी नियमही झाले. नियम कारखान्याच्या फाटकापाशी थांबले. गॅरेजातल्या मिस्त्रीपर्यंत ते पोचले नाहीत. ब्रिटनने या वस्तूवर पूर्ण बंदी घातली ती 1999 मध्ये. मधली अडुसष्ट वर्षे इतिहासाच्या मास्तराने कोणत्या रकान्यात लिहावीत?

असो. प्लेट बदलली तशी तिला दाबणारी स्प्रिंगही बदलली. आधी प्रेशर प्लेटभोवती गुंडाळीच्या अनेक स्प्रिंगा असत. इंजिन फार वेगाने फिरले, की त्या बाहेरच्या बाजूला वाकत आणि ऐन गरजेच्या वेळी दाब ढिला पडे. बशीसारखी एकच चपटी पोलादी स्प्रिंग हे त्यावरचे उत्तर. अमेरिकेत शेव्हरोलेने ती 1938 मध्ये वापरली. युरोपात ती साठीच्या दशकात सर्वत्र झाली. तिचा दाब वेगाने ढळत नाही आणि पेडलही तुलनेने हलके राहते.

मग यंत्र वाढवण्याची हौस कुठवर जाते? 1962 मध्ये बीएमडब्ल्यूने '1500' नावाची घरगुती मोटार विकायला काढली. ताकद 80 अश्वशक्ती. त्याच घराण्याच्या ओतीव लोखंडी ब्लॉकवर टर्बो बसवून बांधलेल्या इंजिनाने 1983 मध्ये नेल्सन पिके फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. 1986 पर्यंत त्यातून हजाराहून अधिक अश्वशक्ती काढली जात होती. अशा गाड्यांसाठी पुढे कार्बनच्या तबकड्यांचे क्लच आले. आकार हाताच्या पंजाएवढा आणि पकड मगरीची. पण हा क्लच तापल्याशिवाय नीट धरत नाही, आणि त्याचे खरे काम शर्यत सुरू होताना आणि थांब्यावरून निघताना. भाजी मंडईच्या गर्दीत तो घातला, तर पहिल्याच सिग्नलला मालकाचे डोळे पांढरे होतील.

दोन दिवसांनी विद्यार्थी आला. फळ्यावर मांडावा तसा हिशेब मी कागदावर मांडला. क्लचची पकड म्हणजे चार गोष्टींचा गुणाकार : घासणारे पृष्ठभाग, घर्षणाचा आकडा, स्प्रिंगचा दाब आणि घासणीची सरासरी त्रिज्या. कॅटलॉगातल्या आकड्यांवरून जुन्या क्लचला दोन पृष्ठभाग, घर्षण 0.3, दाब 5000 न्यूटन म्हणजे तांदळाची क्विंटलाची पाच पोती, आणि त्रिज्या 0.09 मीटर. गुणाकार 270. इंजिन 190 चे होते तोवर हे दांडगे होते. 260 झाल्यावर शिल्लक जवळजवळ शून्य. त्यात प्लेट झिजलेली आणि घाटात तापलेली. घसरणार नाही तर काय?

आता कॅटलॉगातले चार. पहिला, नेहमीच्याच अस्तराचा, पण दाब 6500 : गुणाकार 351. दुसरा, केव्हलारचा : टिकाऊ, पण रुळायला वेळ घेणारा. तिसरा, गोल अस्तराऐवजी धातुमिश्रित सिरॅमिकच्या सहा ठोकळ्यांचा : घर्षण 0.4 धरले तर 468. चौथा, दोन प्लेटांचा : जुन्याच दाबावर 540, आणि किंमत पहिल्याच्या कित्येक पट.

"मालकाला तिसरा पाहिजे, सर. त्याच्यावर 'रेसिंग' लिहिलंय."

"गाडी घरात आणखी कोण चालवतं?"

"त्याची बायको. पोरांना शाळेत सोडते."

मग मी त्याला तिसऱ्याखालचा बारीक मजकूर वाचून दाखवला. ठोकळ्यांची पकड एकदम बसते, मध्ये सैल पडत नाही. गर्दीत गाडी थरथरत सुटते. या प्लेटच्या मध्यात धक्का शोषणाऱ्या स्प्रिंगा नव्हत्या, त्यामुळे डिझेलचे हादरे थेट गिअरबॉक्सला. मला जे वाचून सांगावे लागले, ते त्याच्या हातांना आधीच ठाऊक असावे. तो मान डोलावत होता. 260 ला 351 म्हणजे सुमारे पस्तीस टक्के शिल्लक. घाट चढायला तेवढी पुरते, आणि पेडल जड झाले तरी पायाला सोसते. त्याने पहिला निवडला. मालकाला कन्नडात समजावायला त्याला अर्धा तास लागला म्हणे.

क्लच बसवायच्या दिवशी मी मुद्दाम गॅरेजात गेलो. गिअरबॉक्स खाली उतरला, आत तीच करडी भुकटी. नव्या गाड्यांच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस नसतो, असे तो म्हणाला. पण कुठल्या गाडीत कुठला स्वस्त माल बसलेला असेल, कोण सांगणार? कोपऱ्यात कॉम्प्रेसरची नळी लोंबत होती. शेजारच्या पोऱ्याचा हात सवयीने तिकडे गेला. माझ्या विद्यार्थ्याने त्याच्याकडे नुसते पाहिले, तोंडाला मास्क बांधला, फडके पाण्यात बुडवले आणि सगळी भुकटी ओली करून पुसून काढली.

संध्याकाळी तो गाडी घेऊन चोर्ल्यापर्यंत जाऊन आला. फोनवर म्हणाला, "सर, धरतोय बघा. आणि सोडतोय पण."