एका खिळीवरचं चाक

गाडीचं चाक काढायला काय लागतं, असं डिचोलीच्या बाजारात साठेक वर्षांपूर्वी कोणाला विचारलं असतं, तर दोनच उत्तरं मिळाली असती. बैलगाडीवाला म्हणाला असता, हातोडा. ट्रकवाला म्हणाला असता, पाना, आणि पान्यात घालायला लांब पाइप. माझं आयुष्य या दुसऱ्या उत्तरात गेलं. शिरगाव, लामगाव, मये या भागातल्या खाणींवरून मांडवीच्या धक्क्यांकडे खनिज वाहणाऱ्या ट्रकांची चाकं काढायची आणि बसवायची, हा माझा धंदा. पहिलं उत्तर मात्र घरातलंच होतं. माझा आजा पेडण्यात बैलगाड्या करणारा मेस्त.

आता या दोहोंत तिसऱ्याची भर पडली आहे. मोपाच्या विमानतळावरून २०२३ च्या जानेवारीत विमानं सुटू लागली, महामार्ग रुंद झाला, आणि मोरजी-आश्वे-मांद्रे या पट्ट्यात ठेंगण्या, गुरगुरणाऱ्या स्पोर्ट्स कार दिसू लागल्या. त्यांतल्या काहींच्या चाकाला चार-पाच नट नसतातच. मधोमध एकच मोठा नट. त्याला सेंटर लॉक म्हणतात. पोरं त्याच्याकडे नवलाई म्हणून बघतात. माझा आजा बघता तर म्हणाला असता, यात नवं ते काय?

बैलगाडीचं चाक एकाच ठिकाणी अडकवलेलं असतं. लोखंडी आस, त्यावर फिरणारा चाकाचा तुंबा, आणि आसाच्या टोकाच्या भोकात वरून ठोकलेली एक खीळ. धाव, म्हणजे चाकावरचं लोखंडी कडं, चढवायला अख्खी आळी जमायची. शेणी रचून कडं तापवायचं, ते फुललं की चाकावर बसवायचं आणि लगेच पाणी ओतायचं, म्हणजे ते आक्रसून लाकडाला करकचून आवळतं. पण बसवलेलं चाक काढायला एकटा माणूस पुरे. गाडी धोंड्यावर टेकवायची, खालून खिळीला टोला द्यायचा, चाक ओढून काढायचं, आसाला वंगण लावायचं, पुन्हा घालायचं. एवढ्याशा खिळीवर भाताच्या पोत्यांनी भरलेली गाडी कशी तगते, याचं उत्तर असं की गाडीचा भार खिळीवर नसतोच. भार पेलतो तो आस. वळणावर चाक बाहेर सरकू पाहतं, त्याला अडवणं एवढंच खिळीचं काम. ती पडली की मात्र सगळंच संपलं. कीर्तनात कैकेयीची कथा ऐकली नाही असा माणूस आमच्याकडे विरळा. रणात दशरथाच्या रथाची खीळ निखळते, ती तिथे आपलं बोट घालते आणि दोन वर मिळवते. कीर्तनकार वरांकडे वळायचे, आजा मात्र त्या बोटाचाच विचार करत बसायचा. त्याच्या मते राजाच्या सारथ्याने निघण्यापूर्वी खीळ तपासलेली नव्हती, रामायण घडलं ते त्यामुळे.

मोटार आली तेव्हा तिने हे शहाणपण आधी टाकून दिलं. सुरुवातीच्या मोटारींची चाकं जागेवरच पक्की. टायर फुटला की भर रस्त्यात बसून चाकावरच टायर उचकटायचा आणि नवा चढवायचा. १९०६ साली फ्रान्समध्ये ले मान्सजवळ पहिली ग्रांप्री झाली, तिचा नियम मला फार आवडतो. गाडीला हात लावायचा तो चालकाने आणि त्याच्या शेजारी बसलेल्या मेकॅनिकने, तिसऱ्याने नाही. बाकीचे भर उन्हात सुऱ्यांनी टायर कापून काढत होते, त्यात पाव-पाव तास जात होता. रेनोच्या फेरेंत्स सिसच्या गाडीला मिशलँने केलेल्या सुट्या रिम होत्या. आठ नट सोडायचे, टायरसकट रिम उतरवायची, तयार दुसरी चढवायची, की चारेक मिनिटांत गाडी पुन्हा रस्त्यावर. शर्यत त्यानेच जिंकली. माणसाने आपलं चाक आपण बदलायचं, या कलेची ती पहिली जाहीर परीक्षा म्हणायला हरकत नाही.

आठाचा एक नट केला तो इंग्लंडातल्या कोव्हेंट्रीच्या रज-व्हिटवर्थ कंपनीने. ही मुळात सायकली करणारी मंडळी. जॉन पघ यांनी तारांच्या आऱ्यांचं असं चाक काढलं की त्याचा तुंबा आतून दातेरी, आणि गाडीचा हबही बाहेरून तसाच दातेरी. दात दातांत बसले की इंजिनाचा जोर आणि ब्रेकचा ताण ते दातच घेतात. बाहेरच्या नटाने चाक फक्त आत दाबून धरायचं. म्हणजे खिळीचंच काम, आटे पाडून केलेलं. हे चाक इतकं चटकन निघे की १९०८ च्या फ्रेंच ग्रांप्रीत त्याला मनाई झाली, आणि अशी चाकं बसवलेल्या इंग्रजांच्या नेपियर गाड्या शर्यतीत उतरल्याच नाहीत. पुढे एमजी, जॅग्वार आणि इटलीच्या बहुतेक नामांकित स्पोर्ट्स कार याच वाटेने गेल्या. नटाला दोन किंवा तीन कान असायचे. हत्यार एकच, तांब्याचा किंवा शिशाचा हातोडा, म्हणजे नटाचा मुलामा खरवडत नाही. कानावर टोले हाणायचे, नट सुटला की हाताने फिरवून काढायचा. आजाला ही गाडी दाखवली असती तर त्याने निम्मं काम न विचारता केलं असतं.

उरलेल्या निम्म्यात तो अडला असता, आणि मी तर हमखास. गोष्ट आट्यांची आहे. ब्रिटिश घडणीच्या बऱ्याच ट्रकांना डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असत. नव्या पोऱ्याला आम्ही पहिल्या दिवशी शिकवायचो, ‘डावीकडे डावा’. पान्याला लटकून जोर लावतोयस आणि नट अजून आवळला जातोय, म्हणजे तू हे विसरलास. एका नटाच्या चाकाचं नेमकं याच्या उलट. तिथे डाव्या बाजूला सरळ आटे आणि उजव्या बाजूला उलटे. कारण नट आणि चाक यांच्यात केसभर सैलपणा राहतो, आणि गाडी चालताना नट त्या फटीत चाकाच्या उलट दिशेने सरकू पाहतो. ते सरकणं नट आवळण्याच्या कामी यावं म्हणून आटे तसे पाडलेले. हब चुकून अदलाबदल करून बसवले तर गाडी स्वतःच आपला नट सोडत जाते. म्हणून जुन्या नटांवर सोडण्याच्या दिशेचा बाण कोरलेला असे.

इथे जाता जाता एक. आटे गाडीच्या बाजूवर ठरतात, रस्त्याच्या नाही. पोर्तुगालने १९२८ साली रस्त्याची उजवी बाजू धरली तरी गोव्यात वाहतूक डावीकडूनच राहिली. पेडण्याहून सावंतवाडीला जाणाऱ्याला हद्दीवर कागद दाखवावे लागत, बाजू बदलावी लागत नसे. पोर्तुगीज राजवटीने आमच्यावर केलेल्या मोजक्या उपकारांत मी हा धरतो.

कान असलेल्या नटांना घरघर लागली ती अमेरिकेमुळे. १९६८ च्या सुमाराला तिथल्या सुरक्षा नियमांनी चाकाबाहेर आलेले कान बंद केले, कारण ते चालणाऱ्याच्या पायाला लागतात. कान गेले, अष्टकोनी नट आले, हातोडा जाऊन पाना आला. मग बहुतेक गाड्या स्वस्त आणि सोप्या अशा चार-पाच नटांवर आल्या. एक नट उरला तो शर्यतीत. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वन झाली, तेव्हा आपल्याकडच्या लोकांनी हवेच्या गनने तो नट सुटताना प्रत्यक्ष पाहिला. २०२३ मध्ये कतारला मॅक्लारेनने चारही चाकं १.८ सेकंदांत बदलली. ले मान्सची दोन माणसं तिथे आता वीसेक झाली आहेत, त्यामुळे तो आपला विषय नाही.

आपला विषय मांद्र्याच्या अंगणातली गाडी. २००९ च्या सुमाराला पोर्शेने ९११ जीटी३ या रस्त्यावरच्या गाडीला सेंटर लॉक दिलं. मुंबईहून अशी गाडी घेऊन आलेला ओळखीच्यांचा भाचा मला विचारत होता, “काका, हा नट खोलायला इथल्या गॅरेजमध्ये पाना मिळेल ना?” मी म्हटलं, “बाबा, खोलायचं राहू दे, आवळायला किती जोर लागतो ते आधी पुस्तकात बघ.” पुढच्या जीटी३ च्या पुस्तकात आकडा आहे ६०० न्यूटन मीटर. साध्या मोटारीच्या नटाला शंभर-सव्वाशे पुरतात. सहाशे म्हणजे मीटरभर लांब दांड्याच्या टोकाला साठेक किलोचं माणूस लोंबकळेल तेवढा जोर. हबवर खुंट्या असतात खऱ्या, पण चाक दाबून धरण्याचं सगळं काम त्या एका नटाचं.

तेव्हा घरी हे करायचं तर लागतं काय? नटावर नेमकी बसणारी आणि आतून प्लास्टिकचं अस्तर असलेली सॉकेट, कारण नट रंगीत आणि नाजूक. मीटरभराहून लांब टॉमी, म्हणजे सॉकेट फिरवायची दांडी, पाऊण इंची चौकाची. अर्ध्या इंचीवर हा जोर टाकू नये, ती पिरगळते. मग सहाशेच्या वर मोजणारा टॉर्क रेंच, कंपनीने सांगितलेलं ग्रीस, आणि ब्रेकवर पाय दाबून बसणारा एक विश्वासू माणूस, नाहीतर नटाबरोबर चाकच फिरतं. नट एकदा पूर्ण आवळायचा, थोडा सैल सोडायचा, पुन्हा पूर्ण आवळायचा. शेवटी नटाच्या मधलं कुलूप बाहेर येऊन बसलंय का ते डोळ्यांनी पाहायचं. ते कुलूप म्हणजे आजाची खीळ. आवळणं कितीही पक्कं असो, वर दुसरी अडकण हवीच, हे बैलगाडीने शिकवलं होतं.

त्या भाच्याला वाटत होतं की हे काम पणजीच्या एखाद्या चकचकीत शोरूमचं. मला तसं वाटत नाही. आजच्या जड ट्रकांच्या चाकांच्या नटांना कंपन्या साधारण याच घरातला जोर सांगतात. खाणीवर आम्ही तो रोज लावत होतो. पाइपच्या टोकावर पोऱ्या उभा राहायचा आणि दोनदा उडी मारायचा, एवढंच आमचं मोजमाप. अंदाज बहुधा बरोबर निघायचा. पण आठ-दहा नटांत एखादा कमी-जास्त झाला तर बाकीचे सांभाळून घेतात. एकाच नटावर अंदाज चालवणं हा मूर्खपणा आहे. म्हणून आमची पाइप नको, आणि शेवटचं आवळणं हवेच्या गननेही नको.

मोठ्या कंत्राटदारांच्या वर्कशॉपांत पुढे नीट मोजणारी हत्यारं आली. त्यांत जोर वाढवणारी दातेरी पेटीही असते. तिच्या एका बाजूने शंभराचा जोर दिला की दुसऱ्या बाजूने चार-पाचपट निघतो, आणि वयस्कर माणूसही एकट्याने नट आवळू शकतो. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या, ट्रक दारात गंजले, आणि अशी कितीतरी हत्यारं किलोच्या भावाने भंगारात गेली. बाणावलीला व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी गोवा चक्र हे संग्रहालय उभारून जुन्या बैलगाड्या आणि रथ तरी वाचवले. पान्यांचं संग्रहालय कोणी काढणार नाही. तेव्हा डिचोली-साखळीकडे कोणाच्या पडवीत पाऊण इंची चौकाचा जुना टॉर्क रेंच किंवा ती दातेरी पेटी पडली असेल, तर भंगारवाल्याला देऊ नका. आधी रेंचचं माप तपासून घ्या, आणि पेडण्यातल्या एखाद्या गॅरेजवाल्याला विचारा. तिथे आता त्याला गिऱ्हाईक आहे.