अंतराळातला माणूस आणि गोरोबाकाकांचं थापटणं

विक्रम साराभाईंची भूमिका स्पष्ट होती : माणूस अवकाशात पाठवायच्या शर्यतीत आपल्याला उतरायचं नाही, विज्ञान लोकांच्या कामी आलं पाहिजे. १९८४मध्ये राकेश शर्मा गेले, तेही सोव्हिएत यानातून. २०१८मध्ये मात्र गगनयानाला ९,०२३ कोटी रुपये मंजूर झाले. २०२४मध्ये अवकाशस्थानकाचा पहिला भाग धरून आकडा २०,१९३ कोटींवर गेला.

आपल्या दुष्काळी भागात आपण विचारतो, हे कशाला? विचारलंच पाहिजे. साराभाईंचा तो नकार कायमचा होता, असं आम्ही मानत नाही. पण त्यांची कसोटी कायम आहे : लोकांच्या कामी काय येणार? तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांचीही डोकी तपासली म्हणतात. आपण निदान अंदाजपत्रक तरी थापटून पाहू.