रानफुलांचे निकट-छायाचित्रण

जंगलातील फुले जवळून, शक्यतो त्यांच्या मूळ आकारात टिपण्याचे तंत्र. संवेदकावर उमटणारी प्रतिमा प्रत्यक्ष फुलाएवढी असेल, तर वर्धन १:१ मानतात. ३६ × २४ मिमी.च्या संवेदकावर मग तेवढाच भाग मावतो. त्यासाठी मॅक्रो भिंग वापरतात. साध्या भिंगामागे एक्स्टेंशन ट्यूब किंवा पुढे क्लोज-अप भिंग लावूनही काम भागते. ९० ते १०५ मिमी. नाभीय अंतराचे मॅक्रो भिंग अधिक सोयीचे, कारण त्याने फुलापासून थोडे दूर राहता येते.

मुख्य अडचण प्रकाशाची. सह्याद्रीच्या जंगलातली अनेक फुले पावसाळ्यात, ढगाळ हवेत आणि दाट सावलीत फुलतात. त्यात १:१ वर्धनात एफ/८ छिद्राला जेमतेम १ मिमी. खोलीचा भाग रेखीव येतो. छिद्र लहान केल्यास ही खोली वाढते, पण प्रकाश घटतो. शिवाय इतक्या जवळून संवेदकापर्यंत एरवीच्या सुमारे एक चतुर्थांश प्रकाशच पोहोचतो. त्यामुळे शटरची उघडझाप लांबते आणि देठ वाऱ्याने हलत राहतो. एफ/१६ च्या पुढे विवर्तनाने बारकावे पुसट होतात. तिवई वापरणे आणि वारा पडण्याची वाट पाहणे, हाच भरवशाचा मार्ग. निरनिराळ्या अंतरांवर फोकस केलेल्या प्रतिमा जोडण्याची पद्धत उत्तम, पण फूल निश्चल असेल तरच. फ्लॅश वापरल्यास त्याचा प्रकाश पांढऱ्या पडद्यातून पसरवून सौम्य करावा लागतो.

कोन नीट निवडला, तर अपुऱ्या खोलीची अडचण बरीच कमी होते. कंदीलपुष्पाची लांब नळी संवेदकाला समांतर ठेवली, की ती देठापासून टोकापर्यंत स्पष्ट येते. हबेनारिया आमरीची (ऑर्किडची) शुंडिका, म्हणजे फुलामागची नळी, ओळखीसाठी महत्त्वाची. ती समोरून लपते, म्हणून बाजूचेही छायाचित्र हवे. पाने, निदलपुंज व खोड यांच्या नोंदीविना सुंदर छायाचित्रही अभ्यासाला अपुरे ठरते.

सापकांद्याचा पांढरा महाछद (फुलोऱ्याभोवतीचे आवरण) काळोख्या पार्श्वभूमीवर सहज जळतो, कारण प्रकाशमापक काळोखाचा हिशेब धरतो. अशा वेळी उद्भासन (एक्स्पोजर) कमी करावे. पानांतून झिरपणाऱ्या प्रकाशाची हिरवट झाक राखाडी कार्डाच्या आधारे रंगसंतुलन साधून घालवता येते.

फूल तोडणे, भोवतीचे गवत उपटणे किंवा रोपे तुडवत पुढे सरकणे निषिद्ध मानावे. आड येणारे पाते दोऱ्याने हलकेच बाजूला बांधून नंतर सोडता येते. दुर्मिळ कंदीलपुष्पांची नेमकी जागा जाहीर करू नये आणि कॅमेऱ्याने छायाचित्रात नोंदवलेले जीपीएस निर्देशांकही काढून टाकावेत.