राजा नव्हे, सेनानी

आर्थर राजाची गोष्ट वर्गात सांगू लागलो की दगडात रुतलेल्या तलवारीपाशी मुले श्वास रोखून बसतात. एकदा गोष्ट संपल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "गुरुजी, हा राजा खरोखर होऊन गेला का?" मी "पुढे सांगेन" म्हणून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र त्या उत्तराची लाज वाटली आणि पुस्तके उघडली.

ब्रिटनवर रोमनांनी साडेतीनशेहून अधिक वर्षे राज्य केले. इ. स. ४०७ मध्ये तिथल्या सैन्याने सम्राट म्हणून पुकारलेला तिसरा कॉन्स्टंटाईन फौज घेऊन गॉलमध्ये उतरला आणि थोड्याच वर्षांत रोमची सत्ता संपली. नवी नाणी येईनाशी झाली, शहरे ओस पडू लागली, कुंभारांच्या मोठ्या भट्ट्या विझल्या. समुद्रापलीकडून सॅक्सन येत होते. धनी निघून गेलेल्या वाड्यात मागे राहिलेल्या माणसांनी काय करावे?

सहाव्या शतकातला गिल्डास नावाचा धर्मोपदेशक या काळाची कहाणी सांगतो. आम्ब्रोसियस ऑरेलियानस हा शूर पुढारी आणि बेडन टेकडीवरचा ब्रिटनांचा विजय, दोन्ही त्याच्या लेखनात आहेत. आर्थर मात्र नाही! तो भेटतो नवव्या शतकातल्या एका बखरीत. तिथेही तो राजा नसून राजांच्या बरोबरीने लढणारा सेनानी आहे. बारा लढाया त्याच्या नावावर आहेत आणि बेडनला तर त्याने एकट्याने ९६० माणसे लोळवली म्हणे! पुढे ११३६ च्या सुमारास मन्मथच्या जेफ्रीने त्याला वैभवशाली सम्राट केले आणि ११५५ मध्ये वाइस कवीने गोलमेज मांडले.

हे सारे दागिने उतरवून ठेवण्याचे धाडस रोझमेरी सट्क्लिफ या इंग्रज लेखिकेने केले. बालपणापासून सांध्यांच्या दुखण्याने जखडलेल्या या बाईने घोडदळाच्या दौडी लिहिल्या! तिच्या १९५९ च्या कादंबरीत शेवटची रोमन गलबते निघतात, तेव्हा अक्विला हा तरुण स्वार मागे राहतो आणि रुटुपिएच्या दीपस्तंभावर अखेरचा जाळ पेटवतो. १९६३ च्या 'स्वोर्ड अ‍ॅट सनसेट'मध्ये आर्थर 'आर्टोस' होऊन येतो. तो आम्ब्रोसियसचा अनौरस पुतण्या. त्याला जादूची तलवार नको आहे. त्याला हवेत दणकट घोडे, आणि त्यांच्यासाठी तो थेट गॉलच्या दक्षिणेला जातो. इतिहास जिथे बोलतो तिथे लेखिका ऐकते. तो गप्प होतो तिथेच ती बोलू लागते. कादंबरीकाराचा प्रामाणिकपणा मला यातच दिसतो.

आणि खरी गंमत पुढेच आहे. बेडनचा विजय टिकला नाही. सॅक्सनांनी अखेर बहुतेक मुलूख घेतला. त्यांच्याच वंशजांचे इंग्लंड झाले आणि त्या इंग्लंडने आपल्याशी लढलेल्या वीराला आपला आवडता राजा करून घेतले! जिंकणाऱ्याने हरलेल्याची गोष्ट उराशी धरली.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला जवळ बोलावून म्हटले, "बाळ, आर्थर होता की नाही हे मी छातीठोक सांगू शकत नाही. पण बेडनची लढाई झाली, आणि ती कुणीतरी जिंकली."

तो क्षणभर विचार करून म्हणाला, "मग त्या कुणाचीतरी गोष्ट सांगा."