सन ऑफ फ्रँकेनस्टाइन

युनिव्हर्सल या चित्रपटसंस्थेचा अमेरिकन कृष्णधवल भय-रहस्यपट (१९३९). इंग्रज लेखिका मेरी शेली (१७९७–१८५१) हिच्या फ्रँकेनस्टाइन (१८१८) या कादंबरीवरून निघालेल्या चित्रपटमालिकेतील हा तिसरा चित्रपट होय. फ्रँकेनस्टाइन (१९३१) व ब्राइड ऑफ फ्रँकेनस्टाइन (१९३५) हे आधीचे चित्रपट जेम्स व्हेलने, तर प्रस्तुत चित्रपट रोलंड व्ही. ली याने दिग्दर्शित केला.

१९३६ मध्ये संस्थापक कार्ल लेम्ली याच्या हातून ही संस्था गेली. ब्रिटनमध्ये भयपटांविरुद्ध लोकमत तीव्र होऊन १९३७ मध्ये त्यांसाठी ‘एच’ हे स्वतंत्र प्रमाणपत्र आले. परिणामी या प्रकारच्या निर्मितीत खंड पडला. मात्र १९३८ मध्ये लॉस अँजेल्सच्या एका चित्रपटगृहात जुने भयपट एकत्र दाखविले असता प्रेक्षकांनी विलक्षण गर्दी केली. त्यामुळे संस्थेने नव्या भयपटाची निर्मिती हाती घेतली.

मृत शास्त्रज्ञाचा मुलगा वुल्फ (बॅझिल रॅथबोन) वडिलार्जित वाड्यात राहावयास येतो. फाशी जाऊनही मोडक्या मानेनिशी जगलेला इगोर (बेला लुगोसी) त्याला निपचित राक्षस (बोरिस कार्लोफ) दाखवितो. वडिलांचे नाव उजळावे, या हेतूने वुल्फ त्याला पुन्हा सचेत करतो. इगोर मात्र आपल्याला शिक्षा ठोठावणाऱ्या पंचांचे खून त्याच्याकडून करवितो. बालपणी राक्षसाने हात उपटून काढल्याने लाकडी हात वापरणारा पोलीस अधिकारी क्रोघ (लायनल ॲटविल) या खुनांचा तपास करतो. खुनी कोण, हे प्रेक्षकाला लवकरच उमगते. तथापि वुल्फची लपवाछपवी आणि क्रोघचा वाढता संशय यांतून रहस्य टिकून राहते.

वारशाने आलेला कलंक हा चित्रपटाचा खरा विषय आहे. निर्मात्याचे आडनाव लोक निर्मितीलाच लावतात, ही वुल्फची खंत आरंभीच व्यक्त होते. तो कलंक पुसण्याच्या प्रयत्नातच तो वडिलांची चूक पुन्हा करतो. जॅक ऑटरसनचे तिरप्या रेषांचे नेपथ्य व लांब सावल्या जर्मन अभिव्यक्तिवादी चित्रपटांचे स्मरण करून देतात. याउलट, दुसऱ्या चित्रपटात बोलू लागलेला राक्षस येथे पुन्हा मुका झाला आणि त्याच्याविषयीची करुणा उणावली. लुगोसीचा इगोर मात्र त्याच्या उत्कृष्ट भूमिकांपैकी एक मानला जातो.

चित्रपटाच्या यशाने भयपटांचे नवे पर्व सुरू झाले. कार्लोफने या मालिकेत राक्षसाची भूमिका पुन्हा केली नाही. द घोस्ट ऑफ फ्रँकेनस्टाइनमध्ये (१९४२) ती लॉन चेनी ज्युनियरने केली. मेल ब्रुक्सच्या यंग फ्रँकेनस्टाइन (१९७४) या विडंबनपटाने प्रस्तुत चित्रपटातूनच लाकडी हाताचा पोलीस अधिकारी उचलला.